कुणाचंच नाव नको

चातुर्मासात पूजा होईपर्यंत मी मौन धरते. देवाचं सोडून दुसरं काही तोंडातून काढायचं नाही, लिहून दाखवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. यंदा त्याला जोडून गुप्तदानाचाही नेम घेतला होता. आज उद्यापन. आणि नेमकं आजच माझ्या सुनेनं, प्राजक्तानं, चहाचा कप घेऊन देवघराच्या दारातून विचारलं, "आई, त्या पेन ड्राइव्हमधलं लायसन्स कुठे गेलं?"

मी चंदन उगाळत होते. सहाणेवरचा हात थांबला.

झालं होतं असं. हिमायतनगरच्या आमच्या भजनी मंडळात सुना-लेकी येतात, पण इथे तेलुगू मुलखात वाढल्यानं त्यांना मराठी नुसतं बोलता येतं. वाचायची बोंब. म्हाताऱ्यांना वाचता येतं तर डोळे साथ देत नाहीत. प्राजक्तानं मला इंटरनेटवरचं एक सॉफ्टवेअर दाखवलं. पोथीच्या पानाचा फोटो दिला की ते मोठ्यानं वाचून दाखवतं. "फ्री आहे," ती म्हणाली, आणि मला तेवढं पुरलं. कोठीच्या बाजारातल्या एका दुकानात मी ते मंडळातल्या सगळ्यांसाठी वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर भरून घेतलं. उघडलं की पहिल्याच पानावर बनवणाऱ्याचं नाव यायचं. बायका त्यालाच दाता समजतील, नाहीतर चौकशी करत माझ्यापर्यंत येतील. मग कसलं गुप्तदान? म्हणून दुकानदाराला म्हटलं, कुणाचंच नाव नको. "हौ अम्मा, सब साफ कर देतूं," म्हणाला. त्यानं पहिलं पान काढलं आणि सोबतची इंग्रजी फाइलही काढून टाकली. एक पेन ड्राइव्ह घरी ठेवला, तोच प्राजक्तानं उघडून पाहिला असणार. बाकीच्यांची पिशवी मी मंडळाच्या सत्यवतीकडे दिली. आज भजन संपलं की ती वाटणार होती.

"फ्री आहे म्हणालीस ना तूच?" हे बाहेरून पेपरामागून म्हणाले. "फुकटच्या वस्तूला कसलं आलंय लायसन्स?"

"बाबा, फुकट आहे. वाटायलाही परवानगी आहे. बदललं तरी चालेल म्हणतो तो. त्याची अट एकच. त्याचं नाव आणि ती परवानगीची फाइल काढायची नाही. पुढे जाईल तिथे सोबत गेली पाहिजे. ते काढून वाटलं की परवानगीच उरत नाही."

"अगं, तुझ्या सासूनं विकलं का ते? देवाला फूल वाहताना माळ्याचं नाव घेतो का आपण?"

"फूल तोडताना विचारतो, बाबा. म्हणजे आई विचारतात. तुम्ही कुणाच्या कंपाउंडवरून तोडता ते शेजारचे रेड्डीकाका रोज बघतात."

हे पेपरात शिरले.

मी प्राजक्ताकडे नुसती बघत राहिले. ती समजली. तिनं सत्यवतीला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"मावशी, ते पेन ड्राइव्ह आज वाटू नका."

"कामून?" मागे टाळ वाजत होते.

"एक चूक झालीय. त्यात नाव घालायचंय."

"नक्को ग बाई! ज्योतीबाईनं देवाची शपथ घातलीय मला, कुणाचंच नाव नको म्हणून. त्यांच्या तोंडून ऐकल्याबिगर मी ऐकत नसते."

"त्यांचं मौन आहे हो."

"मग सांगतील की पूजा झाल्यावर. इथं शेवटचं भजन चाललंय." फोन बंद.

"मला मीटिंग आहे, आई. काय ते तुम्ही ठरवा," म्हणत प्राजक्तानं फोन फुलांच्या परडीशेजारी ठेवला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मी पूजा उरकायला लागले. उद्यापनाची पूजा, आणि मी उरकत होते! अक्षता सांडल्या. तुळस वाहायची राहिली, पुन्हा मागे आले. आरती आणि नैवेद्य, एवढंच राहिलंय, मग बोलता येईल, असं मनाला बजावत होते. पण एकदा पिशवी रिकामी झाली की संपलं. कुणी बीदरच्या बहिणीला देईल, कुणी नांदेडच्या नणंदेला. सगळं बिननावाचं.

आरती म्हणत शेवटच्या कडव्यावर आले. तिथे रचणारा आपलं नाव सांगतो. लहानपणापासून म्हणतेय. देवाचं नाव आलं, आता याचं कशाला, असं म्हणून ती ओळ कुणी गाळलेली मी कधी ऐकली नाही. माझी जीभ तिथेच अडली. घंटा हातात नुसतीच हलत राहिली.

नैवेद्य झाकलेलाच होता. मी फोन उचलला.

"सत्यवती, थांब! वाटू नकोस."

आवाज असा चढला की हे पेपर घेऊन दारात आले. तिकडचे टाळही थांबले.

"अग्गो ज्योतीबाई! मौन मोडलं की वो तुमचं!"

"मोडलं. वाटलेस का?"

"सावित्रीबाईला दिलं तेवढंच."

"ते परत माग. सगळे परत दे. मी नाव घालून आणते."

"म्हणजे ज्योतीबाईंचं दान होय हे!" मागून कुणीतरी म्हणालं. सत्यवतीनंही फोन स्पीकरवर टाकला होता. गुप्तदानही गेलं.

"तुमचं नाव घालता?" सत्यवती म्हणाली.

"माझं नाही ग. ज्यानं बनवलं त्याचं."

"कोण हाय त्यो?"

मला सांगता येईना. पहिलं पान मीच काढायला लावलं होतं, पण त्यावरचं नाव कधी वाचलंच नव्हतं.

"विचारून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला.

निरांजन मंदावलं होतं. त्यात तूप घातलं. राहिलेलं कडवं नावासकट म्हटलं, नैवेद्य दाखवला आणि प्राजक्ताच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. आत अजून मीटिंग चालूच होती.