तिसरा शाफ्ट

तिसरा शाफ्टही मोडला आणि ऋतिकाच्या डोक्याची पार मंडई झाली.

वालीवच्या त्या छोट्या कारखान्यात मसाला दळायच्या मशीन बनायच्या. पट्ट्यावर फिरणारी पुली, पुलीच्या पोटात लोखंडी दांडा, तोच शाफ्ट. तो किती जाड घ्यायचा, हे ठरवायचं काम हिचं. कागद सांगत होता, दीडपट भार आला तरच शाफ्ट मोडेल. आता शाफ्टला काय कागद वाचता येतो थोडाच? तो आपला दर महिन्याला पुलीपाशीच मोडत होता.

"कागद बरोबर, म्हणजे लेथवरचा हात चुकतोय," मालक जयवंतशेठ म्हणाले.

लेथवर शाफ्ट कातणारा हात शांतारामकाकांचा, बावीस वर्षं. शनिवारपासून त्यांच्या जागी नवा माणूस येणार होता. काकांनी भांडावं की नाही? छे. केसाएवढी जाडी मोजणारा आपला मायक्रोमीटर पुसून त्यांनी ऋतिकाच्या टेबलावर ठेवला.

"सांभाळा मॅडम. मोजतो तेव्हा बरोबर येतं हो. पण डोळेच फसवत असतील तर काय करणार?"

ऋतिकाला रडूच आलं. काका खोटं बोलणारे नव्हेत. हिशेब चार वेळा केला, चारही वेळा तोच आला. मग चुकतंय कोण? तिला काही म्हणता काही कळेना.

शुक्रवारी सुट्टी. निर्मळ गावी घरी लाइट गेली, पंप बंद. मोगऱ्याला पाणी हवं म्हणून आई, वसुंधराबाई, विहिरीवर दोर ओढत होती. दम खायला ती मधेच थांबली, बादली अधांतरी. दहा किलोची बादली एकीकडे, तेवढ्याच जोराची आई दुसरीकडे. वजाबाकी शून्य. तरी कप्पी टांगलेली दांडी मात्र वाकलेली.

"आई, दांडी का गं वाकली?"

"अगं, बादली खाली ओढते, मीही खालीच ओढते. दोघींचा भार तिलाच ना? ये, हात लाव जरा."

ऋतिका हात लावायचं सोडून वही शोधायला पळाली. पट्ट्याच्या ताणलेल्या बाजूला दीडशे किलो, सैल बाजूला पन्नास. पुली फिरते ती शंभरच्या फरकावर, पण शाफ्टला वाकवतात दोन्ही बाजू मिळून, दोनशे किलोंनी. हिनं वाकवायलाही शंभरच धरले होते. कॉलेजात पहिली आलेली पोरगी, आणि अक्कल शिकवली विहिरीवरच्या दांडीनं. लाजेनं तिचे कान तापले.

शनिवारी सकाळी तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "चूक माझी. शाफ्ट जाड हवा होता. काकांनी कागदाप्रमाणेच केला." शेठनी नवा हिशेब स्वतः पडताळून पाहिला. मग त्यांनी नव्या माणसाला फोन लावला, येऊ नकोस म्हणून.

तिनं मायक्रोमीटर काकांच्या हातात दिला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"परवा घरी सुईत दोरा ओवून बघितला, मॅडम," ते हळूच म्हणाले. "पहिल्याच झटक्यात गेला. तरी मी तुमचा कागदच खरा धरला."