उशिराचा घास

मऊ भाताचा चमचा आजींनी अक्षरशः हिसकावून घेतला. नुसत्या हिरड्यांनी त्यांनी तो असा धरून ठेवला, की सोडवताना भरवणाऱ्या मुलीला हसूच आलं.

"वा! काय जवळीक साधलीस गं," मागून सर म्हणाले. "मुलाखतीत हेच सांगायचं. बंड्या, जवळून घे."

वर्गातला बंड्या मोबाइल सरसावून गुडघ्यावर बसला. वृद्धाश्रमाच्या त्या लांबट खोलीत विद्यापीठाचे पिवळे टी-शर्ट घातलेली पोरं खाटेखाटेशी वाटी घेऊन बसली होती. स्वयंसेवेचं प्रमाणपत्र असलं की नोकरीच्या मुलाखतीत वजन पडतं, असं सर वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगत होते. तिला तर नोकरी हवीच होती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले.

आजी रिकाम्या वाटीत बोट फिरवू लागल्या.

"मावशी, अजून थोडा भात द्या ना," तिने वाढणाऱ्या बाईंना हाक मारली. "भूक लागलीय त्यांना."

"लागणारच की!" मावशी पातेलं खरवडत म्हणाल्या. "सकाळपासून पोटात काही नाही. तुमच्या सरांचा फोन होता, पोरं येईपर्यंत कुणाला भरवू नका म्हणून. पोट भरलेलं माणूस फोटोपुरतं खात नाही ना. आणि तुम्ही उगवलात दुपार टळल्यावर."

वाटेत ते सगळे नाश्त्याला थांबले होते. यथेच्छ खाऊन वर चहाही झाला होता.

"चल, आता दोन शब्द बोल," सरांनी तिच्या कॉलरला माइक अडकवला. "आज काय शिकलीस?"

ती म्हणाली, "या आजी सकाळपासून उपाशी आहेत. आपल्या फोटोसाठी."

बंड्याने मोबाइल खाली केला. सर जवळ आले. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,

"आवाज मस्त लागलाय. डोळ्यांत पाणीही आलंय. ते तसंच ठेव, फक्त वाक्य बदल."

तिने खांदा झटकला. माइक काढून सरांच्या हातात कोंबला, मावशींकडून भात घेतला आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली.

"आजी, आ करा."

आजींनी तोंड मिटून घेतलं. तिच्या खांद्यावरून त्या मोबाइल शोधत होत्या.

"आधी फोटो होऊ दे गं बाळा," त्या कुजबुजल्या. "नाहीतर वाटी काढून घेतात."