खिशातले हात

"हात खिशात, लोरेन," गेटपाशी पोचताच बँकेचे वकील पेल्टन म्हणाले. दर एप्रिलला म्हणायचे.

पेनसिल्व्हेनियातल्या नदीकाठच्या त्या वीजकेंद्राची कागदोपत्री मालक होती बँक. वर्षातून एकदा ते नुसतं पाहून यायचं काम लोरेन हुडाककडे बावीस वर्षं होतं. केंद्र चालवायची भाडेकरू कंपनी. मालकाने चालवण्यात बोट जरी घातलं, तरी बँकच वीज कंपनी ठरणार आणि सरकारचे सगळे नियम तिच्या मानगुटीवर बसणार. तेव्हा पाहायचं, पण सांगायचं काही नाही.

तिचा धाकटा भाऊ बर्नी तिथेच पाळीवर असायचा. तो दुरून टोपी काढून म्हणायचा, "या, मालकीणबाई." सगळे हसायचे, लोरेनसुद्धा.

त्या वर्षी बॉयलरखाली वाफेच्या नळाचा जोड तिला गळताना दिसला. खाली कुणीतरी रंगाचा रिकामा डबा ठेवला होता. तिने अहवालात लिहिलं, 'जोड ताबडतोब बदलावा.' पेल्टननी ती ओळ शांतपणे खोडली.

"हा हुकूम झाला. आपण हुकूम द्यायचा नसतो."

"बर्नीच्या कानावर तरी घालते."

"तो त्यांचा माणूस. तू बँकेची."

रविवारी बर्नी जेवायला आला. लोरेनने त्याला कोबीच्या पानातलं मटण वाढलं, दोनदा आग्रह केला आणि गप्प बसली. बँकेचं बाहेर बोलायचं नाही, ही शिस्त तिने जन्मभर पाळली होती. त्या शिस्तीचा तिला अभिमानही होता.

ऑगस्टमध्ये जोड फुटला. बर्नीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. बोटं वाचली, पण मिटेनात.

सुट्टी घेऊन ती त्याला भरवायला जाऊ लागली. एका दुपारी सूप भरवताना तिने सांगून टाकलं, "ते गळणं मी पाहिलं होतं रे."

बर्नीने घोट गिळला. "डबा मीच ठेवलेला. मे महिन्यात साहेबाला परत सांगितलं, तर म्हणाला, मालक येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत. म्हणजे चालतंय."

मग त्याने पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं. लोरेनला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिने चमचा भरला.

पुढच्या एप्रिलला ती पुन्हा गेटपाशी उभी राहिली. आत टोपी काढणारं कुणी नव्हतं. पेल्टन बोलायला वळले आणि थांबले. तिचे हात आधीच खिशात होते.