चौदा वेळा नाही

सिस्टर मुचानेताने त्या खोलीसाठी तीन वर्षं अर्ज खरडले होते. हरारेच्या ज्या वस्तीत एका खोलीत दोन दोन बिऱ्हाडं राहतात, तिथल्या दवाखान्याने मनाच्या दुखण्याला आख्खी खोली दिली. दाराला कडी, खिडकीला पडदा, टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर खुर्च्या! तोवर हे काम अव्होकाडोच्या झाडाखाली, एका लाकडी बाकावर चालायचं. करायची गोगो केझिया, म्हणजे केझिया आजी, सत्तरीची, दवाखान्यानेच शिकवून तयार केलेली. शहरात मनाचे डॉक्टर दिवा घेऊन शोधावे लागत. गोगो मात्र रोज आठच्या ठोक्याला हजर, मांडीवर शेंगांची टोपली.

बाक अडगळीत गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खोली झकास आहे गं पोरी. पण शेंगा कुठे सोलू?"

"गोगो, लोक इथे दुःख सांगायला येतात, शेंगा खायला नाही."

गोगो हसली आणि टोपली घरी ठेवून आली.

मंगळवारी तोगारा आला. आला कसला, बायकोने धरून आणला. लोखंडी फाटकं जोडणारा धिप्पाड गडी, पण महिन्यापूर्वी त्याच्या हाताखाली काम करताना धाकटा भाऊ उंचावरून पडून दगावला, तेव्हापासून त्याने हत्याराला हात लावला नव्हता. बायको पाठीला लेकरू बांधून बाहेर उभी राहिली. दहा मिनिटांत गोगो कागद घेऊन सिस्टरकडे आली.

"चौदा प्रश्न विचारले. चौदा वेळा नाही म्हणाला."

"मग बरा आहे की तो."

"बरा? झोप छान लागते म्हणतो, आणि डोळे बघ त्याचे, मिरची लावल्यासारखे. सारा वेळ टेबलाकडे बघत होता बिचारा. थोरामोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलू नये, हे त्याच्या आईने शिकवलंय. तुझ्या आईने नव्हतं शिकवलं?"

सिस्टरचा चेहरा खर्रकन उतरला. शिकवलं होतं, चांगला कान पिळून. पण प्रशिक्षणाच्या पुस्तकात लिहिलं होतं, रुग्णाला समोर बसवा. आणि शिकलेल्या माणसाला पुस्तकापुढे आई आठवत नाही.

तोगारा तोवर फाटकापाशी पोचला होता. सिस्टर धावत सुटली. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा तोंडात आलं ते बोलली, "भाऊ, जरा हात लावता का? गोगोचा बाक बाहेर काढायचाय."

म्हातारीचं ओझं म्हटल्यावर नाही म्हणणारा पुरुष त्या वस्तीत अजून जन्मायचाय. त्याने एकट्यानेच बाक उचलून झाडाखाली टेकवला. गोगो बसली, शेजारची फळी थोपटली. दोघांची तोंडं रस्त्याकडे. सिस्टरने बाजारातून शेंगा आणून गोगोच्या मांडीवर ओतल्या आणि ती मागच्या खिडकीशी उभी राहिली.

"देवक कोणतं रे तुझं?"

"सोको, गोगो."

"माकड! तरीच. माझ्या शेंगा मोजून ठेवते मग."

तोगाराच्या ओठांचा कोपरा हलला. त्याने एक शेंग उचलली, फोडली, दाणे तिच्या ओंजळीत टाकले. मग दुसरी. बराच वेळ नुसत्या शेंगा फुटत राहिल्या. समोरून बसगाड्या ओरडत जात होत्या, टोमॅटोवाल्या भांडत होत्या, आणि या बाईला जगात कसली म्हणून घाई नव्हती. सिस्टर बघत राहिली. तीन वर्षं आपण भिंती मागत होतो. या म्हातारीला फक्त शेजार हवा होता.

"सोको," रस्त्यावरची नजर न काढता गोगोने विचारलं, "मरून जावंसं वाटतं का रे?"

शेंग हातातच राहिली.

"हो, गोगो," तो म्हणाला. "रोज. शिडी मी धरायला हवी होती."

फाटकाशी उभ्या बायकोने पाठीवरचं लेकरू सोडून पोटाशी घेतलं. खिडकीशी सिस्टरच्या डोळ्यांना धार लागली. इतका भयंकर होकार ऐकून जीव भांड्यात पडावा, असं तिच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. डॉक्टरांना फोन लावायला ती वळली.

बाकावर गोगोने त्याच्या खडबडीत हातावर आपला हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने चौदा प्रश्नांचा चुरगळलेला कागद मांडीवर सरळ केला.

"बरं झालं सांगितलंस. आज तुला एकटं सोडत नाही मी," ती म्हणाली. "चल, आता पहिल्या प्रश्नापासून घेऊ."