यंदाची गव्हाणी

"अगं बाई, हा तर आपला कृपादान!"

चादर ओढली आणि माझ्या तोंडून हे एवढ्या मोठ्यानं निघालं की पेटी वाजवणाऱ्या नॅथनचा सूर चुकला. चर्चच्या व्हरांड्यात पन्नास-साठ माणसं उभी होती.

कृपादान भिंगारदिवे हा माझा थोरला भाऊ. नगरच्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं प्लास्टर घालायचं काम केलं त्यानं. हात मोडलेलं पोर रडायला लागलं की हा सांगायचा, "आत एक मुंगी कोंडलीय. ती हाड शिवतीया. तू रडलास की तिचा दोरा तुटतो." पोर चिडीचूप. दीड महिन्यानं प्लास्टर कापताना तेच पोर मुंगी शोधायचं, तर हा म्हणायचा, "गेली की दुसऱ्याच्या हाताला. तिला काय एकच काम हाय?" खोटं बोलावं तर कृपादाननं.

ड्यूटी सुटली की वीटभट्टीवरून माती आणायची, मळायची आणि नाताळची गव्हाणी करायची, हा त्याचा जन्माचा छंद. येशूच्या जन्माचा देखावा सगळेच करतात, पण याच्या मेंढपाळांना आमच्या कंपाउंडमधल्या माणसांची तोंडं असायची. चोवीस तारखेला संध्याकाळी पाचला चादर निघायची आणि जो तो स्वतःला शोधायचा. गेल्या वर्षी या मेल्यानं उंटाला माझी मान दिली होती. मी आठ दिवस त्याला चहा दिला नाही. पण खरं सांगते, त्या उंटाला बघायला मी रोज जात होते.

स्वतःचं तोंड मात्र त्यानं कधी केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "डॉक्टर सोताला प्लास्टर घालतो का?"

आणि यंदा हे. बेथलेहेम म्हणून त्यानं चक्क आमची चाळ केली होती. तेच पत्रे, तोच नळ. मधोमध एक बंद दार आणि दारात उतारशाळेचा मालक, योसेफ-मरियेला जागा नाही म्हणणारा. त्याला टक्कल कृपादानचं, बसकं वाकडं नाक कृपादानचं, कानाजवळचा मस कृपादानचा. एक हात रस्त्याकडे केलेला. त्याच्यापुढे पोटुशी मरिया, हातात कापडी पिशवी. तिचं तोंड क्रिस्टीनाचं.

आणि खरी क्रिस्टीना माझ्या मागं उभी होती.

तिला मीच बोलावलं होतं, चोरून. कृपादानची ही एकुलती एक पोर. लहानपणी बापाशेजारी बसून मेंढ्या करायची; तिच्या मेंढ्या डुकरांसारख्या दिसायच्या आणि हा त्या सगळ्यांत पुढे मांडायचा. मोठी झाली आणि अकोल्याच्या ज्ञानेश्वरशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. बापानं नाव टाकलं. तरी आठव्या महिन्यात, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून, ती नवऱ्याला घेऊन आली. वहिनी त्याआधीच वारली होती. कृपादान दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या घरात जागा न्हाई." दोघं जीपनं परत निघाली. वाटेतच तिला कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. दीड दिवस जगला.

त्याला अकरा वर्षं झाली. पुन्हा तिची कूस उजवली नाही, आणि बापलेकीनं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. गेल्या महिन्यात मीच तिला फोन केला. "ये बाई. त्याला सत्तरी लागलीय. त्यानं परत घालवलं तर माझ्याकडं राहा."

किती उदार मी! आत्ता, त्या देखाव्यापुढे उभी असताना, मला बंद दाराशेजारचा ओटा दिसला. ओट्यावर एक बाई मेथी निवडत बसलेली. खाली घातलेली मान लांब, उंटासारखी. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

त्या दिवशी मी तिथंच होते. शेजारच्याच माझ्या दोन खोल्यांत मी एकटी. जागाच जागा होती. भाऊ चिडेल म्हणून मी मेथी निवडत राहिले. अकरा वर्षं मी त्याला मनात शिव्या घातल्या आणि स्वतःला साफ सोडून दिलं. त्यानं मात्र मला सोडलं नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"येशूबाळ कुठंय?" एका चिमुरडीनं विचारलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. गव्हाणीत नुसता कडबा होता.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "कृपादान, बाळ ठेवायचं राह्यलं का?"

कृपादान कडेला स्टुलावर बसला होता. मांडीवर ओलं गोणपाट, त्यात मातीचा गोळा. खाली बघतच बोलला, "राह्यलं न्हाई, साहेब. जमलं न्हाई."

"दर वर्षी तर करता!"

"ते दर वर्षीचं. ह्याचं तोंड मी पाह्यलंच न्हाई." त्यानं गोळ्यावरून हात फिरवला. "तीन आठवडे झाले, रोज भिजवतो, रोज बसतो. मुंगीच्या गोष्टी सांगनारा मानूस मी. पन हितं खोटं सुचंना."

तेव्हा क्रिस्टीना माझ्या मागून पुढे गेली.

त्यानं वर पाहिलं. ताडकन उठला, स्टूल पडलं. त्याचा एक हात वर गेला, अगदी त्या मातीच्या हातासारखाच. पण तो तसाच अधांतरी राहिला.

"बाबा, गोळा द्या," ती म्हणाली.

तिनं फरशीवर बसकण मारली, हिरव्या बांगड्या कोपराकडे सारल्या. तो समोर बसला. त्याला गोणपाट धरवेना, म्हणून एक कड मी धरली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बघावं असं मी काही केलंही नव्हतं.

"कपाळ मोठं हुतं," ती माती दाबत म्हणाली. "डोळे मिटल्यालेच. उघडले न्हाईत."

"केस?"

"लई. पार कानावर."

कृपादाननं खिशातून आगकाडी काढून तिच्या हातात दिली. केस तो नेहमी आगकाडीनंच कोरायचा. तिनं कोरले.

"नाक?" त्यानं विचारलं.

तिनं एकदा बापाकडे नीट पाहिलं आणि चिमटीनं माती वर ओढली. नाक बसकं, डावीकडे किंचित वळलेलं. जमलेल्यांपैकी कुणालाही ते कुणाचं, हे सांगावं लागलं नाही.

कृपादाननं एका बोटानं ते ओलं नाक चाचपलं. मग तेच बोट आपल्या नाकावरून फिरवलं. नाकाला माती लागली, ती त्यानं पुसली नाही.