धाकटीची शेवटची नळी

माझी धाकटी लोकांची विष्ठा तपासायची. हे शेजारणीला कोणत्या तोंडाने सांगणार? मी सांगायचे, जंतूंची डॉक्टर आहे. ती वैतागायची. "आई, डॉक्टर नाही गं मी. मातीतले जंतू माणसाच्या पोटात जाऊन संसार थाटतात का, ते बघते."

"त्यांचा थाटून झाला की तुझं बघ," मी म्हणायचे. ती खो खो हसायची.

रक्ताच्या आजाराने ती गेली. घरातलं तिचं ताट मी अजून वर ठेवलेलं नाही.

मग तिच्या लॅबमधून लंबूचा फोन आला. लंबू म्हणजे तिच्यासोबत काम करणारा. आमच्या दारातून मान वाकवून आत यायचा, म्हणून मीच ठेवलेलं नाव. म्हणाला, आजारी पडायच्या आधी धाकटीने स्वतःचाच नमुना तपासायला ठेवला होता. त्यातली एकच नळी उरली आहे, बर्फाहून गार अशा फ्रीजमध्ये. ती उघडली तर तिचं अडलेलं काम पुरं होईल, पण नळी संपेल. घरच्यांनी हो म्हटलं तरच उघडायची.

"त्यातले जंतू जिवंत आहेत?"

"झोपलेत, मावशी. गार आहेत तोवर."

म्हणजे माझ्या लेकीच्या अंगातलं काहीतरी अजून जिवंत होतं, आणि हा लांबुडका ते संपवायची परवानगी मागत होता. मी थोरल्याला घेऊन निघाले ती नाही म्हणायलाच. फोनवर नकार देणं मला पळपुटेपणाचं वाटतं.

लॅब म्हणजे एक अरुंद खोली. टेबलावर काचेची मोठी पेटी, तिला बाहेरून काळे रबरी हातमोजे जोडलेले. लंबू म्हणाला, पोटातले बरेच जंतू हवा लागली की मरतात, म्हणून त्यांचं सगळं काम या पेटीच्या आत, मोज्यांत हात घालून. खुर्चीच्या पाठीवर धाकटीचा पांढरा कोट तसाच होता. कोपराला मी केलेलं रफू.

"धुतलाय का तरी कुणी?"

लंबूने मान खाली घातली. मग मलाही कळलं, का धुतला नाही ते.

"नळी दाखव."

त्याने धुरकट वाफ येणारा बर्फाचा डबा आणला. आत करंगळीएवढी नळी, तिच्यावर धाकटीचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. "आई, हात नको लावूस," थोरला म्हणाला. जन्मभर त्याला एवढंच सांगता आलंय. तेवढ्यात लंबूला कुणीतरी दारातून हाक मारली, तो वळला, आणि मी नळी उचलली.

चटका बसावा इतकी गार. शेवटी शेवटी धाकटीचे हात असेच गार पडायचे. मी ते माझ्या हातांत घेऊन चोळत बसायचे, तोंडाची वाफ द्यायचे. हातांना ती सवय अजून होतीच. मी मूठ मिटली, वर दुसरा हात ठेवला आणि फुंकर घालत राहिले.

"मावशी! काय करताय?"

मूठ उघडली तेव्हा नळीतला पांढरा खडा वितळून पाणी झाला होता.

"ठेव परत फ्रीजमध्ये."

"पुन्हा गोठवली तर उरलेसुरलेही मरतील. उघडायची तर आत्ताच, नाहीतर..."

"मी सांगत होतो ना, आई."

"तू गप रे."

लंबूला माझ्यावर ओरडायचा हक्क होता. ओरडला नाही. तळहात पुढे करून नुसता उभा राहिला. नाही म्हणायला आलेली मी, त्या तळहातावर नळी ठेवली.

"उघड. पण मी इथून हलणार नाही."

त्याने नळी पेटीत घेतली, मोज्यांत हात घातले आणि चपट्या झाकणांच्या बश्यांवर एकेक थेंब पसरला. मोठाले हात, पण कसे अलगद चालत होते. मी धाकटीच्या खुर्चीत बसून बघत होते. कोटाला पाठ टेकवली नाही.

काही दिवसांनी त्याने बोलावलं. पेटीतल्या सगळ्या बश्या कोऱ्या होत्या. एकीत तेवढे पांढरट ठिपके, फाटक्या कडांचे.

"बाकीचे नाही वाचले, मावशी. हा एकच. याच्याभोवती टणक कवच असतं, म्हणून तगला." त्याला आनंद झाला होता आणि तो लपवता येत नव्हता. "हा मातीतला आहे. तिने तुमच्या दारातल्या कुंडीची माती तपासली होती ना, तिच्यात हाच सापडला होता. अजून ताडून बघायचंय, पण तिचं म्हणणं खरं ठरेल असं दिसतंय."

"आणि जे तिचे स्वतःचे होते, ते?"

"ते गेले."

"म्हणजे माझ्याच कुंडीतलं मला दाखवतोयस."

थोरल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. एरवी झटकला असता.

मी काचेला नाक लावलं. धाकटी नुकती चालायला लागली तेव्हा सारखी त्या कुंडीशी जाऊन बसायची. एकदा गाल फुगवून चिडीचूप बसलेली सापडली. मी बोट घालून तिच्या तोंडातली माती काढली, ओल्या फडक्याने जीभ पुसली, ती रडून लाल झाली तरी पुन्हा तोंड उघडायला लावून बघितलं. एक कण म्हणून आत राहू दिला नाही, असं मी किती वर्षं तोऱ्यात सांगत आले.

राहिला होता म्हणायचा.