पाकळ्यांचा लाल पडदा

तसबिरींना चौकटी करून देणाऱ्या फ्रेमवालीचे वडील पोस्टमन. पत्रं वाटून घरी आले की पिशवीच्या तळाशी काय निघायचं, तर वाळकी पानं, बिया, पाकळ्या! "माणसं घरी भाजी आणतात, आणि हे पालापाचोळा," आई करवादायची. तरी कांद्याची सालं मात्र न सांगता त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. अशानंच संसार होतात, दुसरं काय!

त्या पालापाचोळ्याचीच वडील चित्रं करायचे. एकात त्यांनी दोन काचांमध्ये आपल्या संसाराची पहिली खोली केली होती. कांद्याच्या सालांच्या भिंती, आणि खिडकीला पाकळ्यांचा लालभडक पडदा. ते गेले तसं लेकीनं चित्र काळ्या कागदात गुंडाळून दुकानाच्या कपाटात ठेवलं. उजेडानं पाकळ्यांचा रंग उडतो, हे फ्रेमवालीला कुणी शिकवायला नको. अकरा वर्षं तिनं त्याला कवडसा लागू दिला नाही.

यंदा आईची नजर जायला लागली. इलाज नाही, फार तर वर्षभर दिसेल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. आईनं हट्टच धरला, "ते चित्र माझ्या पलंगासमोर लाव. दिसतंय तोवर बघू दे."

त्या भिंतीवर दिवसभर ऊन! मग या शहाण्या लेकीनं काय करावं? चित्राचा फोटो काढला, जाड कागदावर छापला आणि काच घालून टांगला. अधू डोळ्यांना काय कळतंय, असं तिला वाटलं.

तीन महिने आई बघत राहिली. एके दुपारी म्हणाली, "हे काय लावलंयस गं?"

"बाबांचं चित्र."

"मग पडदा अजून लाल कसा?"

लेक उठून पलंगाची चादर नीट करायला लागली.

"त्यांची चित्रं विटताना जन्मभर बघितलीत मी. एक विटलं की दुसरं करायला बसायचे. मला आंधळी म्हण हवं तर, खुळी समजू नकोस!"

लेक खालमानेनं दुकानात गेली आणि खरं चित्र घेऊन आली. टांगण्याआधी काच पुसायला तिनं ते खिडकीशी धरलं, आणि मागून ऊन आल्याबरोबर लाल पडद्याच्या आड एक बोटभर सावली उमटली. पाकळ्यांखाली गडद पान कातरून लावलेलं, दोन वेण्यांची पोर.

"आई, पडद्यामागं कोण आहे गं?"

"कोण म्हणजे? तू! हाक मारली की तिथंच लपायचीस. शोधता शोधता त्यांचा चहा गार व्हायचा, पण शोधल्याशिवाय पीत नसत."

फ्रेमवालीला रडू आवरेना. अकरा वर्षं तिनं चित्र सांभाळलं होतं, बघितलं मात्र नव्हतं. बाबांची इतकी आठवण आली, की क्षणभर वाटलं, आता हाक येईल.

डोळे पुसून तिनं हातोडी घेतली आणि खिडकीच्या चौकटीलाच दोन खिळे ठोकून चित्र टांगलं.

"अगं वेडे, तिथं पंधरा दिवस रंग टिकायचा नाही त्याचा!"

"माहितीय," ती म्हणाली. "सरक जरा, मला बसू दे."